ब्रेस्ट पंप: हाताचा, विजेचा की भाड्याचा?

"ब्रेस्ट पंप कुठला घेऊ?" असं कुणी विचारलं की मी आधी एकच विचारते: बाळ रोज किती तास तुमच्यापासून लांब राहणार? कंपनी, किंमत, मोटर हे सगळं त्यानंतर. खानापूरहून रोज बसने बेळगावला येऊन शाळेत शिकवणारी बाई, निपाणीत घरी बसून विड्या वळणारी बाई, आणि दिवस भरायच्या आधी बाळंत झाल्यामुळे जिचं बाळ पेटीत आहे ती बाई, या तिघींना एकच पंप चांगला असं होऊच शकत नाही. तरी दुकानात तिघींसमोर तोच खोका येतो. घरचे म्हणतात, घ्यायचाच तर चांगल्यातला घे. चांगल्यातला म्हणजे महागातला, असाच अर्थ मग धरला जातो.

दुकानदार सांगणार नाही अशी गोष्ट आधी सांगते. बाळ जवळ असेल, अंगावर नीट पीत असेल, वजन वाढत असेल, तर पंप लागत नाही. माहेरी आलेल्या पोरीची छाती तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध दाटून कडक झाली की घरात धावपळ सुरू होते आणि कुणीतरी संध्याकाळपर्यंत पंप घेऊन येतं. त्या दिवसांत पंप लावून छाती रिकामी करत बसलं, तर शरीराला वाटतं एवढं दूध लागतंय, आणि दुसऱ्या दिवशी आणखी दाटतं. त्यापेक्षा बाळाला वरचेवर घ्यावं. निप्पलभोवतीचा भाग फार ताणला असेल तर हाताने थोडंसं दूध काढून मऊ करावा, म्हणजे बाळाला तोंडात धरता येतं. पाजून झाल्यावर गार पाण्यात पिळलेला कपडा ठेवावा. गाठ जोरजोरात चोळून फोडायची पद्धत आपल्याकडे फार आहे. त्याने आतली सूज वाढते, म्हणून ती नको. ताप आला, छातीचा एक भाग लाल होऊन ठणकायला लागला, की डॉक्टरांकडेच जायचं.

निपाणीत विड्या वळणाऱ्या बाईला म्हणूनच मी पंप सांगणार नाही. बाळ घरातच आहे. तिने पाजायच्या आधी तंबाखूचे हात साबणाने धुतले, अंगावरचा कपडा बदलला, तर ते पंपापेक्षा जास्त उपयोगाचं. कधी लग्नाला, कधी दवाखान्यात तीन-चार तास जायचं झालं तर हाताने काढलेलं दूध पुरतं.

हाताने दूध काढणं हे बिनपैशाचं कौशल्य आहे आणि पंप घेणाऱ्या बाईलाही ते यायलाच हवं, कारण पंप बंद पडतो, लाईट जाते, एखादा भाग घरी विसरतो. हात स्वच्छ धुवायचे. अंगठा वर, पहिली दोन बोटं खाली, निप्पलपासून दोन-तीन सेंटीमीटर मागे. आधी बोटं तशीच छातीकडे मागे दाबायची, मग अंगठा आणि बोटं एकमेकांकडे आणायची, मग सोडायचं. मागे, जवळ, सोड. कातडीवरून बोटं घासत पुढे ओढायची नाहीत. निप्पल चिमटीत पिळायचं नाही, तिथे दूध नसतंच. पहिलं मिनिटभर काहीच येत नाही आणि इथेच बहुतेक जणी सोडून देतात. थोडं थांबलं की थेंब येतात, मग एकदम बारीक धारा सुटतात. धार मंदावली की बोटांची जागा बदलायची. पहिल्या दोन-तीन दिवसांचा चीक तर हातानेच काढावा. तो मोजून काही मिली असतो, चिकट असतो, पंपाच्या छातीला लावायच्या कपाला आणि नळीला लागूनच संपतो. चमच्यात काढला तर थेंबन्‌थेंब बाळाला मिळतो.

आता दुकानातले पंप.

सगळ्यात स्वस्त म्हणून एका टोकाला रबरी फुगा असलेला एक प्रकार अजूनही बऱ्याच मेडिकलमध्ये मिळतो. फुगा दाबायचा, छातीला लावायचं, सोडायचं. तो घेऊ नका. दूध फुग्यात मागे जातं, आतून तो नीट धुता येत नाही, आणि किती जोराने ओढायचं हे आपल्या हातात राहत नाही. शंभर-दोनशे रुपये वाचतात, पण निप्पलला जखम होते आणि बाळाला अस्वच्छ दूध जातं.

दांडीचा हाताचा पंप ही वेगळी गोष्ट आहे. कप, त्याखाली व्हॉल्व्ह, बाटली, आणि हाताने दाबायची दांडी. साधारण पाचशेपासून अडीच हजारांपर्यंत. लव्हलॅपसारख्या भारतीय कंपनीचा खालच्या टोकाला मिळतो, फिलिप्स एव्हेंट, जपानची पिजन, स्वित्झर्लंडची मेडेला यांचे वर. याला लाईट लागत नाही, आवाज नाही, धुवायला चार तुकडे. ओढ किती द्यायची ते आपल्या हातात असल्यामुळे कित्येक जणींना तो विजेच्या पंपापेक्षा सोसतो. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला लाईट गेली की कधी येईल याचा भरवसा नाही, तिथे तर तो घरात असावाच. पण दिवसातून एकदा, फार तर दोनदा वापरायचा असेल तरच. रोज तीन-चार वेळा दोन्ही बाजूंनी काढायचं म्हटलं तर मनगट आणि अंगठा भरून येतो. बाळंतपणानंतर अंगठ्याच्या मुळाशी दुखणं तसंही पुष्कळ जणींना असतं, त्यात हे नको.

विजेच्या पंपात एका बाजूचा आणि दोन्ही बाजूंचा असा जो फरक आहे, तो किमतीपेक्षा वेळेचा आहे. एका बाजूला पंधरा-वीस मिनिटं धरली तर एकेरी पंपावर दोन्ही बाजू मिळून अर्धा-पाऊण तास जातो. दुहेरी पंपावर तेच काम पंधरा-वीस मिनिटांत होतं, आणि दोन्हीकडून एकाच वेळी काढल्यावर दूधही जास्त येतं. ज्या बाईला मधली सुट्टी अर्ध्या तासाची आहे, त्यात डबाही खायचाय, तिच्यासाठी प्रश्न इथेच संपतो. एकेरी घेऊन हजार-दोन हजार वाचवायचे आणि रोज डबा तसाच घरी न्यायचा, हे मला पटत नाही. एकेरी साधारण दीड-दोन हजारांपासून, दुहेरी तीन-चार हजारांपासून सुरू होतो, आणि मेडेला किंवा कोरियाची स्पेक्ट्रा अशा कंपन्यांचे दहा हजारांच्या पुढे जातात.

खानापूरच्या बाईचा हिशेब मांडून बघू. खानापूर ते बेळगाव २५-२६ किलोमीटर. सकाळी साडेआठला घर सोडलं आणि संध्याकाळी सहाला परत आली, तर साडेनऊ तास झाले. एक ते सहा महिन्यांचं बाळ दिवसाला साधारण पाऊण लिटर दूध पितं, म्हणजे तासाला तीसेक मिली. साडेनऊ तासांना २८०-२८५ मिली. निघताना पाजून निघाली आणि आल्या आल्या पाजलं तर मधल्या वेळात तीन वेळा काढायचं, दर वेळी नव्वद-शंभर मिली. दोन्ही बाजू मिळून एवढं आलं म्हणजे उत्तम आलं. मोबाइलवर भरलेल्या बाटल्यांचे फोटो बघून जी घाबरते तिला हा आकडा सांगा. बाळाला पाजून झाल्यावर लगेच पंप लावला आणि वीस-तीस मिलीच आलं, तर दूध कमी आहे असा अर्थ होत नाही, कारण उरलेलं बाळाने आधीच प्यालेलं असतं.

या बाईने दुहेरी, चार्ज होणाऱ्या बॅटरीचा पंप घ्यावा. नुसत्या अडॅप्टरवर चालणारा घेतला तर शाळेत प्लग शोधत फिरावं लागतं, आणि प्लग बहुधा स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोरच असतो. बॅटरी किती वेळा पुरते, ती उतरत आल्यावर ओढ कमी होते का, यूएसबीवर म्हणजे पॉवर बँकवर चालतो का, हे तीन प्रश्न दुकानात विचारायचेच. पंपात दोन टप्पे असतात. सुरुवातीचा एक-दोन मिनिटांचा भराभर आणि हलका, त्याने पान्हा फुटतो. मग सावकाश आणि खोल, त्यात दूध निघतं. हे दोन टप्पे वेगळे लावता येत नाहीत असा विजेचा पंप घेऊ नये. ओढ सगळ्यात वरच्या आकड्यावर नेली की दूध जास्त येतं, हा गैरसमज आहे. दुखायला लागलं की पान्हा आटतो. सोसेल तिथपर्यंतच न्यायचं आणि पंप चालू असताना हाताने हळू दाब देत राहायचं, त्याने खरा फरक पडतो.

रजेचाही विचार करा. २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्याने आहे, आणि कामावर आल्यावर बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोन वेळा पाजण्यासाठी सुट्टी घ्यायचा हक्कही आहे. ज्यांना पूर्ण रजा मिळते त्या रुजू होतात तोवर बाळ पाच-सहा महिन्यांचं होतं, लवकरच वरचं खाणं सुरू होतं आणि दिवसातून एक-दोनदा काढलं तरी भागतं. त्यांना मधल्या किमतीचा पंप भरपूर झाला. ज्यांना दोन-तीन महिन्यांतच बोलावलं जातं, त्यांनी मात्र पंपावर पैसे घालावेत. आपल्या भागात नेमकं उलटं दिसतं: पक्क्या नोकरीवाली महागडा घेते आणि छोट्या खाजगी शाळेतली, उद्यमबागेतल्या एखाद्या लहान युनिटमधली बाई स्वस्तातला घेऊन महिन्याभरात "दूध आटलं" म्हणून डब्याच्या पावडरीवर येते. दूध आटण्याआधी काढायचं राहिलेलं असतं.

बाळ पेटीत असेल तर मात्र वेगळा विचार. चंदगडकडच्या किती तरी जणी बाळंतपणाला बेळगावात येतात, आणि बाळ एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, गेलं की आई एका मजल्यावर, बाळ दुसऱ्या. अंगावर ओढणारं कुणी नाही, म्हणून दूध टिकवायचं काम पूर्ण पंपावर. चोवीस तासांत आठ वेळा तरी, रात्रीसुद्धा, आणि सुरुवात शक्य तितक्या लवकर, पहिल्या काही तासांतच, हाताने. इथे घरगुती पंप पुरत नाही. मेडेला सिम्फनीसारखे दवाखान्यात वापरायचे मोठे पंप असतात, अनेक जणींनी वापरायचे म्हणूनच बनवलेले, प्रत्येकीचा कप-नळीचा संच वेगळा. असा पंप विकत घेणं परवडण्यासारखं नसतं आणि गरजही नाही. एनआयसीयूच्या सिस्टरना विचारा: तुमच्याकडे पंप आहे का, तिथे बसून काढता येईल का, भाड्याने कुठे मिळेल? नवऱ्याला बाहेर दुकानं फिरायला पाठवायच्या आधी हे विचारायचं. आईचं दूध अपुरं असेल तर दुसऱ्या आईचं तपासून, पाश्चराइज केलेलं दूध देणाऱ्या मिल्क बँका असतात. मुंबईत सायन हॉस्पिटलमध्ये १९८९ साली आशियातली पहिली सुरू झाली. आपल्या दवाखान्याला याबद्दल विचारायला काही हरकत नाही.

ब्राच्या आत बसणारे, बिनवायरचे पंप आता खूप दिसतात. त्यांचा मोह मला समजतो. घरची कामं करता करता दूध निघतं, ही कल्पनाच सुखाची आहे. पण खाली वाकलं की सांडतं, आत निप्पल नीट बसलंय का ते दिसत नाही, आणि पुष्कळ जणींना त्याची ओढ कमी पडते. ज्यांचं दूध नीट बसलंय त्यांना जोडीला ठीक, एकमेव पंप म्हणून मी सांगणार नाही. खड्डे खात चाललेल्या बसमध्ये तर नाहीच.

सिलिकॉनचा नुसता दाबून चिकटवायचा कप स्वस्त आहे, एका बाजूला बाळ पीत असताना दुसरीकडून गळणारं दूध तो धरतो. तो पंप नव्हे. कपडे भिजणाऱ्या बाईला उपयोगाचा.

यानंतर ज्याच्यावर सगळ्यात कमी बोललं जातं ते: कपाचा आकार. खोक्यात बहुतेक वेळा २४ मिलिमीटरचा एकच येतो. तो सगळ्यांना बसतो असं नाही. कागदाची बारीक पट्टी निप्पलच्या मुळाशी आडवी धरून रुंदी खूण करा, मग मुलांच्या कंपासपेटीतल्या पट्टीवर मोजा. भोवतीचा काळा भाग मोजायचा नाही. पाजण्याआधी मोजायचं, नंतर ते फुगलेलं असतं. कपाची नळी त्याहून किंचित मोठी असावी. पंप चालू असताना बघा: निप्पल नळीत मोकळं पुढेमागे सरकायला हवं. कडेला घासत असेल, पांढरं पडत असेल तर कप लहान आहे. भोवतीचा काळा भागही आत ओढला जात असेल तर मोठा. दहा हजारांचा पंप चुकीच्या कपाने दूध कमी देतो आणि हजाराचा योग्य कपाने बरं देतो. म्हणून ज्या कंपनीचे २१, २४, २७-२८ असे कप सुटे मिळतात तिला मी नेहमी वरचा नंबर देते.

सुट्या भागांमध्ये दुसरा व्हॉल्व्ह. बाटलीच्या वर चपट्या चोचीच्या आकाराचा सिलिकॉनचा मऊ तुकडा असतो, टोकाला बारीक चीर. उजेडाकडे धरून पाहिलं तर ती चीर मिटलेली दिसली पाहिजे. धुताना कुणी तिच्यात नख किंवा ब्रश घातला की ती फाकते आणि पंपाची ओढ जाते. मग "मोटर गेली" म्हणून पंप कपाटात जातो. खरं तर शंभर-दोनशेच्या व्हॉल्व्हने तो पुन्हा चालला असता. घेताना दोन जादा व्हॉल्व्ह सोबतच घ्या, आणि ते बेळगावात नाहीतर कोल्हापुरात हातोहात मिळतात का, हे आधी विचारा. माहेर कोल्हापूर-गडहिंग्लजला आणि सासर बेळगावला असेल, तर जिथे वर्षभर राहणार तिथल्या दुकानातून बिलासकट घ्यावा. खोका फोडल्यावर हा माल बहुतेक ठिकाणी परत घेत नाहीत, तेव्हा फोडायच्या आधी वॉरंटी वाचा.

जाऊबाईंचा किंवा बहिणीचा जुना पंप आहे, तो वापरू का? प्रेमाने दिलेला असतो, नाही म्हणणं अवघड जातं. पण बहुतेक घरगुती पंप एकीनेच वापरायचे असतात. ज्यांच्यात दूध आणि मोटर यांच्यामध्ये पडदा नसतो, त्यांच्यात दुधाचा ओलावा नळीतून आत जातो, आणि मोटर उकळता येत नाही. तिचे कप-बाटल्या नवीन घेतल्या तरी आतलं तसंच राहतं. नवीन घेताना मागे दूध न जाणारा, पडदा असलेला म्हणजे क्लोज्ड सिस्टीमचा मागा.

धुणं सगळ्यांना सारखंच. दुधाला लागलेले भाग वेगळ्या पातेल्यात, साबणाच्या पाण्याने, सिंकमध्ये थेट न टाकता. दिवसातून एकदा पाच मिनिटं उकळायचे आणि स्वच्छ कपड्यावर पसरून हवेवर वाळवायचे. मोटरला जोडणारी हवेची नळी आणि मोटर पाण्यात घालायची नाही.

काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास टिकतं. बेळगावच्या थंडीत, पावसाळ्यात हे जमतं. अथणी-रायबागकडच्या एप्रिल-मेमध्ये नाही, तिथे लगेच फ्रिज नाहीतर बर्फाचे पॅक ठेवलेला डबा. अशा डब्यात चोवीस तास राहतं, फ्रिजमध्ये चार दिवस. फ्रिजच्या दारात नको, आत मागच्या बाजूला ठेवा. लाईट गेली तर फ्रिज उघडू नका, बंद फ्रिज चारेक तास थंड राहतो. ठेवलेल्या दुधावर काही वेळाने पिवळसर थर येतो आणि सासूबाई म्हणतात, "नासलंय हे, टाकून दे की." ते नासलेलं नसतं, स्निग्धांश वर आलेला असतो. बाटली हलकेच गोल फिरवली की मिसळतो. गॅसवर तापवायचं नाही, मायक्रोवेव्हमध्येही नाही. कोमट पाण्याच्या वाटीत धरायचं. बाळाने तोंड लावलेलं उरलं तर दोन तासांत संपवायचं.

पंपासोबत बाटली आणि निपल फुकट येतं, पण त्यातूनच पाजलं पाहिजे असं नाही. सरकारी दवाखान्यातही वाटी-चमचाच सांगतात. आपल्याकडे बोंडलं, म्हणजे चोचीची छोटी वाटी, आहेच. आजींना त्याने पाजायची सवय असते, आणि बाटलीच्या नादात बाळ अंगावर प्यायचं सोडेल ही भीतीही राहत नाही.

रुजू व्हायच्या दोन-तीन आठवडे आधी पंप घरी आणा, सहा महिने आधी नको. सकाळच्या पाजण्यानंतर रोज एकदा काढून बघा, कपाचा आकार तपासा, आणि बाळ जिच्याजवळ राहणार त्या बाईच्या हाताने एकदा तेच दूध पाजून घ्या, तुम्ही बाहेर गेलेल्या असताना. आई समोर असताना बाळ बहुधा बोंडल्याने पिणार नाही.